कैरोच्या जिन्यावरची पावलं

खरं सांगू? तुमचे इथले अनुभव मी आजवर वाचले ते चहाबरोबर टाइमपास म्हणून. घाटात लिफ्ट मागणारी बाई, हॉस्टेलच्या बंद खोलीतला दिवा... वाचायचं, हसायचं आणि नवऱ्याला फॉरवर्ड करायचं. माझा धंदाच तसा आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. कुणी म्हणालं की "अगं, काल स्क्रीन आपोआप उडाली", की माझा पहिला प्रश्न – परत करून दाखव. दाखवता आलं नाही तर माझ्या लेखी ते घडलंच नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय हे मंदार, म्हणजे माझा नवरा, मागे उभा राहून बघतोय आणि गालातल्या गालात हसतोय. हसू दे. त्या दिवशी त्याची काय अवस्था झाली होती तेही लिहिणार आहे मी.

गोष्ट २००४ च्या जुलैमधली. आम्ही तेव्हा शॉमबर्गला राहत होतो, शिकागोच्या जवळ. मी कराडची, मंदार नागपूरचा. माझे बाबा कराडला शाळेत भूगोल शिकवायचे. आख्खं गाव त्यांना 'सर' म्हणतं. नकाशा न बघता फळ्यावर आफ्रिका काढायचे आणि त्यात नाईल अशी सोडायचे की मुलं बघत राहायची. स्वतः मात्र महाराष्ट्राबाहेर फारसे गेले नव्हते. दरवर्षी शाळेची सहल न्यायचे, तेवढंच. सहलीचे डबे आई करायची आणि डबे भरून घरीच राहायची.

आई त्याच वर्षी जानेवारीत गेली. संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले आणि चार दिवसांत, झोपेतच. मी धावतपळत पोचले, पण तिचं तोंड काही दिसलं नाही. दहाव्याला मात्र मी होते. बायकांनी यायचं नसतं, असं एक काका म्हणाले. मी म्हटलं, माझी आई आहे, मी येणार. आणि गेले.

कराडचा संगम ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे – कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. तिथे पिंड ठेवला. कावळे भरपूर होते, झाडावर, पायऱ्यांवर, पलीकडच्या भिंतीवर. एकही खाली येईना. मग नेहमीचं सुरू झालं. माझा धाकटा भाऊ सुहास म्हणाला, "आई, बाबांची काळजी करू नको, मी आहे." कावळा हलला नाही. मावशी म्हणाली, "सुमे, तुझ्या पाटल्या नातीच्या लग्नात घालू गं." नाही. मी हात जोडून म्हणाले, "आई, मी वर्षातून एकदा येईन नक्की." मला ते सगळं थोतांड वाटत होतं, तरी म्हणाले. नाहीच. उन्हं चढली. लोक बाबांना म्हणायला लागले, "सर, तुम्ही बोला काहीतरी. तुमचंच काही राहिलं असेल." बाबा पाण्याकडे बघत उभे होते. त्यांनी तोंड उघडलं नाही. दुःखानं वाचा बसली असेल, असं आम्हाला वाटलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. मावशी रस्ताभर पुटपुटत होती, "जीव कशात अडकलाय पोरीचा, कोणास ठाऊक."

माझा विश्वास नव्हता. पण बाबांचा होता, आणि मला त्यांची काळजी होती. जेवण तुटलं होतं, बोलणं तुटलं होतं. मला वाटे, न शिवलेल्या त्या कावळ्यानेच बाबांना खाल्लंय. म्हणून मे महिन्यात मी त्यांना इकडे घेऊन आले.

इथे आल्यावर बाबांनी एक सुरू केलं. रोज दुपारी जेवायच्या आधी पेपर प्लेटवर थोडा भात, वरण, तुपाची धार, लिंबाच्या लोणच्याची फोड, असं वाढून बाल्कनीत ठेवायचे. मी म्हणायची, "बाबा, कावळ्याला लोणचं कशाला?" ते हसायचे नुसते. कावळा काही येत नसे. खारी यायच्या. अपार्टमेंटच्या लीजिंग ऑफिसची बाई दोनदा येऊन सांगून गेली, बाहेर अन्न ठेवू नका म्हणून.

एकदा मंदार त्यांना म्हणाला, "बाबा, इकडे कावळे राहिलेच नाहीत ना. मोठा रोग आला होता, दोन वर्षांपूर्वी. वेस्ट नाईल. डास चावून पटापट मेले कावळे. आधी बघायचे तर पार्किंग लॉटमध्ये हे एवढे असायचे."

मला वाटलं बाबा हादरतील. ते म्हणाले, "असं होय? बरं."

"बरं काय बाबा?"

"काही नाही. नाईल म्हणालास म्हणून. कुठली नाईल नि कुठलं शिकागो."

त्यावरून विषय निघाला आणि मंदारच्या डोक्यात किडा वळवळला. नागपूरकर तो, चेष्टेची संधी सोडेल तर शपथ. रात्री नकाशा घेऊन आला. "बाबा, तुम्हाला इजिप्त दाखवतो. चला कैरोला. व्हिसा नको, विमान नको, आपल्या गाडीनं जाऊ." तर इलिनॉय राज्याच्या पार दक्षिण टोकाला कैरो नावाचं गाव आहे. इकडचे लोक त्याला 'केरो' म्हणतात. ओहायो आणि मिसिसिपी या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं. त्या सगळ्या भागालाच 'लिटल इजिप्त' म्हणतात. जवळपास थीब्ज आहे, कारनॅक आहे, सगळी इजिप्तमधलीच नावं. बाबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा वर्गातला आवाज ऐकू आला. "म्हणजे संगम आहे तिथे. चला. जाऊ या."

फोर्थ ऑफ जुलैचा लाँग वीकेंड होता. शुक्रवारी दुपारी निघालो, रात्री कार्बनडेलच्या मोटेलमध्ये मुक्काम केला आणि शनिवारी सकाळी आरामात कैरोला. घाई नव्हतीच. दिवसभर गाव बघायचं, नदीवर डबा खायचा, परत यायचं. डबाही साग्रसंगीत – पोळ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, लोणचं.

गाडीत बाबा मागे बसले होते, एकटेच. मी म्हटलं पुढे या, नीट दिसेल. तर नको म्हणाले. सकाळपासून त्यांची टकळी सुरू होती. "हे बघ, थीब्जची पाटी. खरं थीब्ज नाईलच्या काठी, देवळांचं गाव. इथे मात्र मक्याची शेतं. आणि जमीन बघ कशी सपाट, सगळा गाळ, नदीनं आणून टाकलेला." मला इतकं बरं वाटत होतं. मी पुढून हूं हूं करत होते. बाबा खिडकीतून बोट दाखवायचे आणि आतल्या बाजूला मान वळवून सांगायचे. तेव्हा काही वाटलं नाही.

गावात शिरताना रस्ता रेल्वेच्या भरावाखालून जातो आणि तिथे वर एक अवाढव्य लोखंडी दार टांगलेलं आहे. पूर आला की ते खाली सोडतात आणि गाव बंद करून घेतात. दाराखालून आत गेलो आणि मंदारने रेडिओ बंद केला. का केला ते त्यालाही सांगता आलं नाही.

गाव ओस होतं. ओस म्हणजे... माणसं राहतात तिथे, घरं आहेत, चर्चं आहेत. पण नदीकाठचा जुना बाजार जो होता, तो चारचार मजली विटांच्या इमारतींचा रस्ता, तिथे चिटपाखरू नव्हतं. कधीकाळी बोटींमुळे केवढा थाट असेल तिथे. काचा नाहीत, छपरं नाहीत, एका दुकानाच्या आतूनच झाड वर गेलेलं. कोपऱ्यावर सिग्नल चालू होता. लाल, हिरवा, पिवळा, कुणासाठीच नाही. आम्ही लालला थांबलो. मंदार म्हणाला, "काहून थांबलो आपण?" आणि तरी हिरवा होईपर्यंत थांबला. ऊन मी म्हणत होतं, हवा चिकट, आणि झाडांतून किड्यांची एकसारखी किरकिर. बाबा तेवढे खुशीत होते. उतरून हळूहळू चालत, थांबत, प्रत्येक इमारतीपाशी काहीतरी सांगत. एरवी बाबांची चाल म्हणजे आम्हाला पळावं लागतं. त्या दिवशी ते फार सावकाश चालत होते.

मग आम्ही एक घर बघायला गेलो. मॅग्नोलियाची मोठमोठी झाडं असलेलं, जुन्या कुण्या व्यापाऱ्याचं घर, आता म्युझियम केलंय. दाखवायला एक आजीबाई होत्या, काळ्या, अंगानं काटकुळ्या, फुलाफुलांचा फ्रॉक. नाव मिस ओपल. त्यांनी आधीच सांगून टाकलं की डोळे जवळजवळ गेलेत, पण घर त्यांना पाठ आहे. "तुम्ही बघा, मी सांगते." भिंतीला हात लावत पुढे चालायच्या. फार गोड बाई.

खालचा दिवाणखाना, जेवणाची खोली झाली. मग लाकडी जिना. मिस ओपल कठड्याला धरून पुढे, मागे मंदार, मग मी, मग बाबा. वर पोचलो. मिस ओपलनी खोलीचं दार पाठीनं उघडं धरलं होतं. मी, मंदार, बाबा आत गेलो. त्या तशाच उभ्या. मंदार म्हणाला, "मॅम, वुई आर ऑल हिअर."

त्या म्हणाल्या, "नो हनी, लेट हर कम." येऊ दे तिला. घाई नाही.

मी विचारलं, कुणाला?

"गुडघे दुखतात ना त्यांचे, त्यांना. दर पायरीवर दोन्ही पाय ठेवून येतायत बिचाऱ्या. मलाही तसंच चढावं लागतं हल्ली."

आणि मग मला ऐकू आलं. आता हे लिहितानाही काटा आला बघा. जिन्यावर पाऊल वाजलं. मग त्याच पायरीवर दुसरं पाऊल. मग जरा वेळ काहीच नाही. मग कठडा करकरला, कुणी त्यावर भार टाकावा तसा, आणि वरच्या पायरीवर पाऊल... आणि त्याच पायरीवर दुसरं.

माझी आई अशी चढायची. कितीतरी वर्षं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी शाळा-कॉलेजातून आलेली असले की खालून हा आवाज यायचा आणि मला कळायचं, आई मंडईतून आली. एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. मध्ये थांबून दम. मी हा आवाज ओळखणार नाही?

मी दारापाशी जाऊन खाली बघितलं. जिना रिकामा. रंगीत काचेतून ऊन आलं होतं, त्याचे लाल-निळे तुकडे पायऱ्यांवर पडले होते. त्या उन्हात धूळ होती, बाकी काही नव्हतं. आणि पावलं येत होती. वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. मिस ओपल त्या रिकाम्या जिन्याकडे तोंड करून म्हणाल्या, "खिडकीशी खुर्ची आहे हं. बसा जरा."

मी मंदारकडे बघितलं. तो पांढराफटक. त्यानेही ऐकलं होतं. (तो आता मागून म्हणतोय, "पांढराफटक नव्हतो." होता.) आणि बाबा... बाबा घाबरले नव्हते. बाबांनी एक हात पुढे केला होता, आपण कुणाला शेवटच्या पायरीवर हात देतो ना, तसा. मी बघतेय हे दिसल्यावर त्यांनी तो मागे घेतला आणि खिशात घातला. त्यांचे डोळे भरले होते.

मी टेस्टर आहे म्हटलं ना. भीतीच्या आधी मला रागच आला. जुनं लाकूड आहे, आपण चढलो की दबतं आणि मग सावकाश सुटतं, त्याचा आवाज असणार. मी मंदारला खाली पिटाळलं, परत चढायला लावलं, मग मी चढले, मग दोघं मिळून. प्रत्येक वेळी वर येऊन कान देऊन उभे राहिलो. चढताना वाजायचं तेवढं वाजलं. नंतर टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मिस ओपल म्हणाल्या, "काय शोधतेस, चाइल्ड?"

"पुरे आता," बाबा म्हणाले. आवाज एकदम बारीक. "तिला... चला. खाली चला."

उतरताना बाबा सगळ्यांत शेवटी. कठड्याला धरून, तिरके होऊन, एकेक पायरी. दुसरा हात अंगापासून जरासा बाजूला. आणि दर पायरीला थांबत होते. बाबांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही, त्या वयातही रोज डोंगर चढायचे ते.

त्यानंतर गाडीत बाबा एक अक्षर बोलले नाहीत. सकाळचा भूगोल बंद. मी आरशातून बघत होते. मागच्या सीटवर, स्वतःच्या शेजारी, त्यांनी हात पालथा ठेवला होता. एसी चालू होता तरी मंदारच्या कपाळावर घाम होता.

गावाच्या टोकाला, जिथे जमीन संपते, तिथे पार्क आहे. पुढे फक्त पाणी. उजवीकडून मिसिसिपी येते, मातीच्या रंगाची, आणि डावीकडून ओहायो, जराशी हिरवट. दोन्ही एकमेकींना लागूनच वाहत राहतात, मध्ये रेघ मारल्यासारखी. खूप लांबपर्यंत मिसळतच नाहीत. इतकं मोठं पाणी आणि आवाज अजिबात नाही. पार्कात आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

झाडाखालच्या बाकावर मी डबे उघडले. बाबांनी एक प्लेट घेतली आणि रोजच्यासारखं वाढलं. दहीभात, भाजी, लोणचं. मंदार हळूच म्हणाला, "बाबा, इकडेही कावळे दिसत नाही आहेत." सकाळपासून आम्ही खरंच एकही पाहिला नव्हता.

"मला माहितीय," बाबा म्हणाले आणि प्लेट घेऊन अगदी टोकाशी गेले. मला भीती वाटली, दगड शेवाळलेले होते. पाण्याची बाटली घेऊन मी मागोमाग गेले. त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. मुद्दाम ऐकलं नाही.

प्लेट खाली ठेवून ते म्हणाले, "सुमन, ही उजवीकडची मिसिसिपी. ती ओहायो. बघितलंस? आपल्याकडे समोरासमोर येतात, या बघ कशा शेजारून चालल्यात." मग म्हणाले, "एवढीच सहल जमली गं. तुला चालता येत होतं तेव्हा न्यायला हवं होतं. आता थांबवत नाही मी तुला. जा तू."

मी बाटली घेऊन तशीच उभी. आणि पाण्यावरून कावळा आला.

कुठून आला ते दिसलं नाही. झाडावरून नाही, पुलावरून नाही. नदीच्या मध्यावर काळा ठिपका दिसला तो सरळ आमच्याकडेच. घिरटी नाही, ओरडणं नाही, आजूबाजूला बघणं नाही. प्लेटशी उतरला, भाताला चोच लावली आणि लोणच्याची फोड उचलली.

"बाबा! शिवला! शिवला, बाबा!" मी ओरडले. विश्वास नसलेली मी! मागे मंदार बाकावरून ताडकन उठला होता आणि त्याने डोक्यावरची बेसबॉल कॅप काढून हातात घेतली होती.

आपल्याकडे कावळा शिवला की माणसं मोकळा श्वास टाकतात. सुटली बिचारी म्हणतात, आंघोळी करून जेवायला बसतात. मला वाटलं बाबा आता हात जोडतील. सहा महिन्यांचं ओझं उतरलं म्हणतील. बाबा त्या ओल्या दगडांवर, चांगल्या पँटसकट, बसले आणि रडायला लागले. जानेवारीत आई गेली तेव्हा रडले नव्हते तसे. मी त्यांना जवळ घेतलं तर म्हणाले, "गेली. आता गेली गं ती."

कावळा दगडावर थोडा वेळ होता. मग ज्या बाजूनं आला त्याच बाजूनं गेला. लोणचं चोचीत घेऊन.

जेवण कुणालाच गेलं नाही. डबे बंद करून निघालो तर मंदारच्या लक्षात आलं, कॅमेऱ्याची बॅग त्या घरी राहिली. माझी तर पुन्हा तिथे पाऊल टाकायची इच्छा नव्हती, पण मी एकटी गाडीत बसणं त्याहून नको. तिघंही गेलो. मिस ओपल व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आम्ही लाकडी पायऱ्या चढून गेलो. त्यांनी मान जराशी कलती केली आणि म्हणाल्या, "तिघंच आलात? त्या कुठायत?"

मंदारने माझा दंड धरला. बाबा पुढे झाले आणि त्यांच्या शाळेतल्या, एकेक शब्द सुटा करून बोललेल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, शी हॅज गॉन अहेड."

"बरं झालं," मिस ओपल म्हणाल्या. "फार सोसत होत्या."

आम्ही कॅमेरा घेतला, थँक यू म्हटलं आणि निघालो. ते लोखंडी दार मागे पडलं. बऱ्याच वेळानं, मी आता बाबांशेजारी मागे बसले होते, बाबा आपणहून बोलायला लागले.

"दहाव्याला सगळे मला म्हणत होते ना, सर, बोला. मला ठाऊक होतं तिला काय हवं होतं. लग्न झाल्यापासून एकच मागत होती. मला कुठेतरी न्या हो. कुठेही न्या. मी जगाचा भूगोल शिकवला आणि तिला कुठे नेलं नाही. तेवढं एक वाक्य मी संगमावर बोललो असतो ना, तर कावळा त्या क्षणी शिवला असता."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"मग मी घरी कुणाबरोबर आलो असतो?"

बाल्कनीतलं ते पान कावळ्यासाठी नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं. आणि मंदारने कावळे मेल्याचं सांगितलं तेव्हा ते 'बरं' का म्हणाले, तेही. मी म्हटलं, "मग आज का..."

"ऐकलंस ना तू जिन्यावर? मला वाटायचं, मेल्यावर तरी माणसाचं दुखणं संपतं. मी सहा महिने धरून ठेवलं तिला, आणि ती तेच गुडघे घेऊन माझ्या मागून चढत होती. एक शब्द न बोलता. जिवंतपणी तरी कुठे बोलली म्हणा." बाबा खिडकीकडे वळले. "इतका स्वार्थी नाही गं मी."

मी त्यांचा हात धरून बसले ते शॉमबर्ग येईपर्यंत. आईसाठी बरं वाटत होतं आणि बाबांकडे बघवत नव्हतं. एकाच वेळी दोन्ही.

आता तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारलंय, चार वर्षं. मिस ओपलना दिसत नव्हतं, वय झालेल्या माणसांना भास होतात. ठीक. कैरोत कावळे असतीलही, रोगानं झाडून सगळे थोडेच मेले होते. ठीक. लाकूडही मानू. पण आम्ही तिघांनी तोच आवाज ऐकला, आणि आईला कधीही न भेटलेल्या, डोळ्यांनी अधू बाईला तिचे गुडघे कळले. परत करून बघायला मी खरोखर दोन वर्षांनी एकटी तिथे गेले. घर बंद होतं. शेजारी विचारलं तर मिस ओपल वारल्याचं कळलं. मी पायऱ्यांवर उभी राहून परत आले.

बाबा सप्टेंबरात कराडला परतले. जेवू लागले, फिरू लागले, पण बोलणं कमीच. मग जानेवारीत सुहासचा फोन आला. घाबराघुबरा.

"ताई, बाबांचं काही खरं नाही गं. गुरुजी आईच्या वर्षश्राद्धाचं ठरवायला आले होते. बाबा त्यांना म्हणाले, अजून वर्ष कुठे झालंय? पौष सांगितला तर ऐकेचनात. आषाढ वद्य द्वितीया म्हणतात. आई कधी गेली तेच विसरलेत बहुतेक. मी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊ का?"

मी उठून कॅलेंडर काढलं नाही. ती तिथी कैरोच्या त्या शनिवारची, हे मला न बघता कळलं होतं.

"अपॉइंटमेंट नको घेऊस," मी म्हटलं. "गुरुजींना आषाढ सांग."

"ताई, काय बोलतेयस? आपण सगळे होतो तिथे. पौषात गेली ती."

मग मी त्याला सगळं सांगितलं. जिना, नदी, कावळा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला तरी पटतंय का हे?"

नाही पटत. अजूनही पटत नाही. पण आमच्याकडे आईचं श्राद्ध आषाढातच होतं.